‘क्लच गेला’ म्हणजे नेमकें काय गेलें?

जुन्या ट्रॅक्टरचा क्लच एकाएकीं बिघडला, तर त्याचें निदान कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शहरांत राहणाऱ्या कुटुंबांस या विषयाशीं काय कर्तव्य, असें कित्येक श्रोत्यांच्या मनांत येईल. परंतु आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील गुलमंडीसारख्या गजबजलेल्या पेठेंत राहूनही मला असें दिसतें कीं, येथल्या पुष्कळ घरांचें एक मूळ अजून खेड्यांतील काळ्या जमिनींतच आहे. दुकान अथवा नोकरी येथें. पण पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड यांपैकीं एखाद्या तालुक्यांत दहा-पांच एकर जमीन, ती पाहणारा भाऊ किंवा पुतण्या, आणि गोठ्याशेजारीं पत्र्याच्या छपराखालीं उभा असलेला तीस-चाळीस वर्षांचा एक ट्रॅक्टर. भर बाजारांत एखादे सद्गृहस्थ थबकतात, दूरध्वनी कानाशीं धरून “गेला? असा कसा गेला?” म्हणून विचारतात, आणि ऐकणारे हळहळण्याच्या बेतांत असतात, पुढल्या वाक्यावरून कळतें कीं, गेला तो माणूस नव्हे, क्लच गेला आहे, आणि तिकडून पैसे मागविले आहेत.

आजचें भाषण त्या पैसे पाठविणाऱ्या माणसासाठीं आहे. पाने घेऊन ट्रॅक्टरखालीं शिरणें त्याच्या वाट्याचें काम नव्हे. पण खर्चास संमति द्यावयाची कीं नाहीं, हें तोच ठरवितो, आणि तें ठरविण्यापूर्वीं चार योग्य प्रश्न विचारणें त्याला सहज शक्य आहे. ‘क्लच गेला’ हें निदान नव्हे. ती तक्रार आहे. ‘पोटांत दुखतें’ म्हणणाऱ्या रोग्याला कोणताही भला वैद्य थेट शस्त्रक्रियेच्या मेजावर नेत नाहीं. ट्रॅक्टरच्या बाबतींत मात्र असें वारंवार घडतें.

घाईचें कारणही खरें असतें. पाऊस पडून गेल्यावर जमीन फार ओलीही नाहीं आणि फार कोरडीही नाहीं, अवजाराला माती चिकटत नाहीं आणि मोठीं ढेंकळेंही निघत नाहींत, अशी जी स्थिति येते तिला शेतकरी वापसा म्हणतात. आमच्या काळ्या जमिनींत हा वापसा थोडेच दिवस टिकतो. ओली असतांना ती जमीन मेणासारखी चिकटते, आणि वाळली कीं भेगाळून दगडासारखी होते. मृगाच्या पावसानंतर कपाशी, तूर, मका. पावसाळा सरतां सरतां रब्बीची ज्वारी. या दोन्ही वेळांस चार दिवसांची खोटी झाली तर पेरणीच हुकण्याचा प्रसंग येतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें मागावा, तर त्या चार दिवसांत त्यालाही उसंत नसते. अशा वेळीं यंत्र विनाकारण खोलून ठेवणें हें बिलाच्या आंकड्यापेक्षांही महाग पडतें.

आतां क्लच म्हणजे काय तें पाहूं. एंजिन एकदां सुरू झालें कीं फिरतच राहतें. चाकांना मात्र कधीं फिरावयाचें असतें, कधीं थांबावयाचें असतें. या दोहोंची गांठ घालणारा आणि सोडणारा जो दुवा, तो क्लच. जुन्या पिठाच्या गिरणींत हें काम पट्ट्यानें होत असे. दांड्यावर दोन चाकें शेजारीं शेजारीं असत, एक पक्कें आणि एक मोकळें. गिरणीवाला पट्टा मोकळ्या चाकावर सरकवी, कीं एंजिन चालू असूनही दळण थांबे. ट्रॅक्टरांत पट्ट्याऐवजीं तबकड्या असतात. श्रोत्यांनीं आपले दोन तळहात एकमेकांवर दाबून एक हात फिरवून पाहावा. दुसरा त्याच्याबरोबर फिरूं लागतो. दाब काढला कीं पहिला एकटाच फिरतो. आणि तळहातांना तेल लावलें, तर कितीही दाबलें तरी दुसरा हात नीट फिरत नाहीं. एवढें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला क्लच समजला.

यंत्रांतील पहिला तळहात म्हणजे एंजिनच्या टोकाचें जड चाक, फ्लायव्हील. दुसरा म्हणजे दोन्ही अंगांस घर्षणाचें अस्तर रिव्हेटांनीं बसविलेली क्लचप्लेट. ती गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्याच्या खांचांत बसलेली असते. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरण्याचें काम प्रेशर प्लेट व तिच्या जोरदार स्प्रिंगा करतात. चालकानें पेडल दाबलें कीं बाहेरची सळई ओढली जाते. तिच्या योगानें एक आडवा दांडा वळतो. त्यावरील फोर्क एका बेअरिंगला पुढें ढकलतो. तें बेअरिंग बोटांसारख्या तीन-चार तरफांवर टेकतें. आणि त्या तरफा प्रेशर प्लेटला मागें ओढून स्प्रिंगांचा दाब नाहींसा करतात. पायापासून प्लेटपर्यंत अशी ही साखळी आहे. तिचा पहिला अर्धा भाग बाहेर, डोळ्यांना दिसणारा; दुसरा अर्धा लोखंडी कोठींत बंद.

ही कोठी उघडणें इतकें कठीण कां, याला थोडा इतिहास आहे. त्या काळच्या मोटारगाडीला खालीं लोखंडी सांगाडा असे व त्यावर एंजिन ठेवलेलें असे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून १९१७ सालीं बाहेर पडूं लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टराला असा वेगळा सांगाडा नव्हताच. एंजिन, गिअरबॉक्स आणि मागील आंस यांचीं ओतीव कवचें बोल्टांनीं एकमेकांस जोडून तोच ट्रॅक्टरचा कणा केला होता. यंत्र त्यामुळें स्वस्त व आटोपशीर झालें, आणि पुढें बहुतेकांनीं तोच मार्ग धरला. हॅरी फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ पर्यंत तयार होत असे. त्याची बांधणी याच धर्तीची. आपल्याकडे महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्व्हेस्टर यांनीं मिळून १९६३ सालीं इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. मुंबईच्या कांदिवलीस तयार झालेला तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर महाराष्ट्रांतल्या जुन्या शेतकऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. १९७७ सालीं ती कंपनी महिंद्रा अँड महिंद्रांत विलीन झाली. हे आणि यांच्या पिढीचे बहुतेक सर्व ट्रॅक्टर कण्याच्या बाबतींत एकाच कुळांतले.

परिणाम असा कीं, क्लच डोळ्यांनीं पाहावयाचा तर ट्रॅक्टरचे कमरेंतून दोन तुकडे करावे लागतात. पुढचा भाग ठोकळ्यांवर पेलावयाचा, तेलाच्या नळ्या, विजेच्या तारा, सुकाणूचे जोड सोडवावयाचे, आणि मग मागचा अर्धा भाग सरळ रेषेंत मागें सरकवावयाचा. सगळीं साधनें असलेल्या ठिकाणीं हें एका दिवसांत होतें. लिंबाच्या झाडाखालीं दोन दिवस गेले तरी नवल नाहीं. प्लेटची किंमत ही पुष्कळदां या खटाटोपाच्या मानानें लहानच असते. म्हणून खोलण्यापूर्वीं बाहेरून जेवढें कळूं शकतें तेवढें कळून घ्यावें, आणि तें पुष्कळ कळूं शकतें.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘अचानक’ हा शब्द. घर्षणाचें अस्तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखें झिजतें. काल रात्रीपर्यंत जाड होतें आणि आज सकाळीं संपलें, असें होत नाहीं. तें संपत आलें म्हणजे आठवडेच्या आठवडे सूचना देतें: चढावर एंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, नांगर खोल घातला कीं जळका वास येतो, पेडल पूर्वीपेक्षां निराळें लागतें. तेव्हां बिघाड खरोखरच एका क्षणांत झाला असेल, तर पहिला संशय झिजणाऱ्या वस्तूवर न घेतां तुटणाऱ्या, निखळणाऱ्या आणि अडकणाऱ्या वस्तूंवर घ्यावा. पिन, सळई, फोर्क, तरफ, बेअरिंग, स्प्रिंग या त्या वस्तु. आणि त्यांतल्या पहिल्या दोन तर ट्रॅक्टरच्या बाहेरच आहेत.

मात्र ‘अचानक’ हा शब्द पारखून घेतला पाहिजे. माझा सारा जन्म शाळेंत गेला. ‘मीं पाटी फोडली’ असें म्हणणारा मुलगा मला क्वचित् भेटला; ‘पाटी फुटली’ असेंच सगळे म्हणत. ‘क्लच गेला’ हें वाक्य त्याच जातीचें आहे. म्हणून चालकाला न रागावतां विचारावें कीं, गेल्या पंधरवड्यांत चढावर जोर कमी पडत होता काय, वास येत होता काय, आणि बिघाड झाला त्या घटकेला ट्रॅक्टर काय करीत होता. उभा होता, नांगरीत होता, कीं उसाची भरलेली ट्रॉली चिखलांतून ओढीत होता?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण अस्तर अचानक नष्ट होण्याचा एक मार्ग आहे, आणि तो या ट्रॉलीपाशीं सांपडतो. चाक रुतलें कीं चालक पेडल अर्धें दाबून, एंजिन वाढवून, धक्क्याधक्क्यानें गाडी काढूं पाहतो. याला ‘हाफ क्लच’ म्हणतात. त्या वेळीं फ्लायव्हील फिरत असतें, प्लेट जवळजवळ उभी असते, आणि मधली सगळी शक्ति उष्णता होते. थोडा हिशेब करूं. पस्तीस अश्वशक्ति म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. त्यांतली अर्धी शक्ति दहा सेकंद घर्षणांत गेली असें धरलें, तर १३० किलोज्यूल उष्णता उत्पन्न होते. म्हणजे चार लहान कप चहाचें पाणी उकळण्याइतकी. ती उष्णता पाण्यांत न जातां एका बंद कोठींतल्या पातळ अस्तरांत जाते. असा प्रयोग पांच-दहा मिनिटें चालला, तर नवी प्लेटही जळून जाते. तेव्हां चिखलांतली ट्रॉली आणि जळका वास या दोन गोष्टी एकत्र ऐकूं आल्या, तर प्लेट गेली असें मानावयास हरकत नाहीं.

वास नाहीं, ओझें नाहीं, आणि तरी एकाएकीं काम बंद पडलें, असें असेल तर मग पेडलकडे वळावें. पेडलला वरच्या बाजूस थोडी मोकळी चाल असते. म्हणजे हातानें दाबलें असतां सुरुवातीस तें हलकें जातें आणि मग जोर लागूं लागतो. जुन्या ट्रॅक्टरांत ही चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर, अंगठ्याच्या एका पेराएवढी असते. नेमका आंकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. या मोकळ्या चालीची भाषा मोठी सरळ आहे. अस्तर झिजत जातें तशी ती हळूहळू कमी होते, आणि पार नाहींशी झाली कीं क्लच घसरूं लागतो. उलट, ती एका दिवसांत एकदम वाढली, किंवा पेडल विनाजोर खालीं पडून तेथेंच राहिलें, तर साखळींतला कोणता तरी दुवा तुटला आहे. झीज चाल खाते, मोडतोड चाल वाढविते. गांवाकडे फूटपट्टी नसली तरी अंगठा असतोच. दूरध्वनीवरून एवढें मोजून घेणें कठीण नाहीं.

याचें एक उदाहरण माझ्या परिचयाच्या कुटुंबांत घडलें. आश्विनांत ज्वारीच्या पेरणीला ट्रॅक्टर जोडला आणि दुसऱ्या तासाच्या वळणावर गिअर पडेनासा झाला. मिस्त्रीनें उभ्या उभ्याच प्लेट गेल्याचें सांगून ट्रॅक्टर खोलण्याची भाषा केली. शहरांतल्या थोरल्या भावानें दूरध्वनीवरून एवढेंच विचारलें, “दादा, पेडल दाबतांना पायाला जोर लागतो का?” उत्तर आलें, “नाहीं रे, बुळबुळीत खालींच जातें.” मग त्यानें पुतण्याला ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला ओणवें होऊन पाहावयास सांगितलें. दुसऱ्यानें पेडल हातानें दाबलें, तर पेडलची सळई सरकत होती, पण तिच्या टोकाशीं असलेली तरफ जागची हलत नव्हती. दोहोंना जोडणारी पिनच निखळून पडली होती. तिला अडकविणारी लहानशी दुपाखी खीळ गंजून गेली होती. नवी पिन आणि खीळ बाजारांतून आणून बसविण्यास तासभर लागला, आणि उरलेली पेरणी त्याच वापशांत झाली. येथें मिस्त्रीला लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. ज्याच्याकडे दहांपैकीं आठ ट्रॅक्टर झिजलेल्या प्लेटचे येतात, त्याला नववाही तसाच दिसतो.

कित्येकदां सळई आणि बाहेरची तरफ दोन्ही हलतात, तरी आंत कांहींच घडत नाहीं. तेव्हां तरफ जेथें आडव्या दांड्यावर बसते तेथें नीट पाहावें. तरफ वळते पण दांडा वळत नाहीं, असें दिसलें तर मधली चावी किंवा पिन कापली गेली आहे. हेंही बाहेरचेंच काम. खूण पटविण्यासाठीं खडूनें तरफेवर आणि दांड्याच्या टोकावर मिळून एक सरळ रेघ ओढावी आणि पेडल दाबावें. रेघ तुटली तर दोष तेथेंच. रेघ अखंड राहून दांडा भरपूर वळत असेल आणि तरीही पायाला स्प्रिंगांचा जोर लागत नसेल, तर मात्र कोठींतला फोर्क सुटला किंवा मोडला आहे, आणि यंत्र खोलण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां दुसरी अवस्था घेऊं. पेडल नेहमीच्याच जोरानें दबतें, बाहेर सर्व शाबूत आहे, आणि तरी गिअर पडत नाहीं, दांत खरखरतात. येथें प्रथम एंजिन बंद करून गिअर टाकून पाहावा. दांतावर दांत येऊन अडला असेल, तर ट्रॅक्टर वीतभर ढकलून पुन्हां पाहावें. बंद असतांना गिअर बिनबोभाट पडतो आणि चालू असतांनाच खरखरतो, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. प्लेट एंजिनपासून सुटत नाहीं, एवढाच अर्थ. बंद असतांनाही तो पडत नसेल, तर क्लचला दोष देण्याचें कारणच उरत नाहीं. बिघाड गिअर निवडणाऱ्या दांड्यांत शोधावा.

प्लेट सुटत नसेल तर विचारावें कीं, हा ट्रॅक्टर किती दिवस उभा होता. आमच्याकडे याचें उत्तर पुष्कळदां ‘आषाढापासून’ असें येतें. पावसाळ्याच्या दमट हवेंत फ्लायव्हीलचें तोंड गंजतें आणि अस्तर त्याला चिकटून बसतें. क्लच ना झिजला ना मोडला, तो केवळ चिकटला. अशा वेळीं एंजिन चांगलें तापवून, मग बंद करून, पेडल लांकडाच्या दांडीनें दाबून धरून एक-दोन दिवस ठेवल्यास कधीं कधीं प्लेट आपोआप सुटते. अनुभवी मिस्त्री याहून दांडगा उपाय करतात: मोकळ्या रानांत वरच्या गिअरमध्यें, पेडल दाबलेलें ठेवून ट्रॅक्टर चालवितात आणि ब्रेकचा झटका देतात. त्यांत प्लेट सुटते हें खरें. परंतु ज्याचा क्लच सुटत नाहीं तें यंत्र एंजिन सुरू होतांच पुढें झेप घेतें, हें ध्यानांत ठेवून हा प्रयोग घरच्या पोराच्या हातीं मुळींच देऊं नये. पावसाळ्यांत ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा ठेवावयाचा असल्यास, हातब्रेक ओढून, चाकांस दगड लावून, पेडल दाबून अडकवून ठेवावें. कित्येक जुन्या यंत्रांत त्यासाठीं मुद्दाम आंकडा असतो. ही एक गोष्ट केली तर हा रोगच होत नाहीं.

ट्रॅक्टर रोज चालत होता, तर मग आवाज ऐकावा. हल्लीं तो दूरध्वनीवर टिपून पाठवितां येतो, ही मोठीच सोय आहे. पेडलवर नुसता पाय टेकतांच किर्र आवाज सुरू होतो आणि पाय काढतांच थांबतो, तर तरफांवर टेकणारें बेअरिंग सुकलें आहे. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलच्या मध्यभागीं एक लहान बेअरिंग असतें, तें धरलें असण्याचा संभव. तें धरलें कीं प्लेट सुटूनही गिअरबॉक्सचा दांडा फरफटत फिरत राहतो, आणि लोक विनाकारण प्लेट बदलतात. पेडल पायाखालीं धडधडत असेल, तर तीन तरफांपैकीं एखादी तुटून प्रेशर प्लेट तिरकी उचलली जात असण्याचा संशय घ्यावा. ह्या तिन्ही गोष्टींना यंत्र खोलावेंच लागतें. पण काय आणावयाचें तें आधीं ठाऊक असतें, आणि खोललेल्या ट्रॅक्टरशेजारीं सुट्या भागाची वाट पाहत बसण्याचा दिवस वांचतो.

तिसरी अवस्था म्हणजे गिअर छान पडतो, पेडल सोडलें जातें, पण ट्रॅक्टर हलत नाहीं. हा सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण कित्येकदां यांत क्लचचा संबंधच नसतो. मुख्य गिअरच्या जोडीला जलद आणि मंद अशा दोन गतींची दुसरी दांडी असते. ती मधल्या मोकळ्या जागीं राहिली असेल, तर ट्रॅक्टर जागचा हलणार नाहीं. सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच! ती तपासून झाल्यावर, ज्या ट्रॅक्टरांत दोन्ही मागचीं चाकें एकत्र बांधणारी डिफरन्शिअल लॉकची पट्टी आहे, तेथें ती दाबून हळूच क्लच सोडावा. ट्रॅक्टर चालूं लागला, तर क्लच ठणठणीत आहे. एका बाजूच्या चाकाचा आंस तुटला आहे. आणखी एक परीक्षा जुन्या फर्ग्युसन पद्धतीच्या, एकाच प्लेटच्या यंत्रांत करतां येते. त्यांत अवजार उचलणारा पंप क्लचमधूनच शक्ति घेतो. म्हणून चाकें फिरत नसतांही नांगर वर उचलला जात असेल, तर शक्ति क्लचपलीकडे पोंचत आहे. जेथें पंप थेट एंजिनवर चालतो, तेथें मात्र या परीक्षेला अर्थ नाहीं. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत एक प्लेट चाकांसाठीं आणि एक मागच्या फिरत्या दांड्यासाठीं, म्हणजे पी.टी.ओ.साठीं असते, मळणीयंत्र फिरतें पण चाकें फिरत नाहींत, तर चाकांची प्लेट किंवा तिच्या मागचें कांहीं बिघडलें, आणि दोन्ही थांबलीं तर दोष दोहोंना समान अशा ठिकाणीं आहे.

क्लच खरोखर घसरतो कीं काय, याची खात्री अशी: सपाट जागीं, पुढें-मागें कोणी नाहीं असें पाहून, ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्यें क्लच सोडावा. एंजिन गचका खाऊन बंद पडलें, तर क्लच धरतो आहे. तें सुखानें चालूच राहिलें, तर घसरतो आहे. ही परीक्षा दोन-तीन सेकंदांपेक्षां अधिक करूं नये, नाहीं तर परीक्षेंतच प्लेट जळावयाची. मग कोठीच्या तळाशीं एक बारीक भोंक असतें तें पाहावें. काळ्या जमिनींत काम केल्यावर तें चिखलानें बुजलेलें असतें, तें तारेनें मोकळें करावें. त्यांतून काळें तेल ठिबकलें तर एंजिनचें, आणि स्वच्छ, दाट, उग्र वासाचें ठिबकलें तर गिअरबॉक्सचें. मघाच्या तेलकट तळहातांची आठवण करावी. अशा वेळीं नुसती प्लेट बदलणें व्यर्थ आहे; तेल अडविणारें सील न बदललें तर नवी प्लेटही तशीच भिजते.

या सर्व खटपटींत जीव जाण्याचा एक खरा धोका आहे, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. बॅटरी कमजोर असली कीं कित्येकजण ट्रॅक्टरशेजारीं जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांवर पाना टेकवून एंजिन सुरू करतात. गिअर पडलेला असेल आणि क्लच सुटत नसेल, तर मागचें मोठें चाक त्या माणसाच्या अंगावरून जातें. क्लच बिघडलेला ट्रॅक्टर चालकानें आसनावर बसूनच सुरू करावा, आणि पेडलवर विसंबून न राहतां डिझेल तोडण्याची खुंटी हाताशीं ठेवावी. दुसरें असें कीं, जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. कोठी उघडल्यावर आंतली भुकटी हवेच्या झोतानें उडविण्याची रीति वाईट आहे. ती फुफ्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनीं रोग उत्पन्न करते. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें पुरून टाकावें, आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावें.

शेवटीं, खोलणें अटळच ठरलें, तर खर्चाचा आंकडा एकदांच मान्य करावा, पण पुरता करावा. प्लेटबरोबर दोन्ही बेअरिंगें आणि दोन्ही सीलें बदलून घ्यावीं. मोठा खर्च कोठी उघडण्याचा असतो, आणि तो पुन्हां सहा महिन्यांनीं करण्यांत शहाणपण नाहीं. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या, तर तें लेथवर साफ करून घ्यावें. आणि जुनी प्लेट भंगारांत न टाकतां गोणींत घालून शहरांत मागवून घ्यावी. अस्तर रिव्हेटांपर्यंत सारखें झिजलेलें असेल, तर तिनें आपलें आयुष्य भोगलें. अस्तर जाड आणि मधला भाग फाटलेला असेल, तर कोणी तरी रुतलेली ट्रॉली क्लचच्या झटक्यानें ओढली आहे. अस्तर काळें, चकचकीत, तेलकट असेल, तर सीलचें बिल तपासावें. तरफांचीं टोकें घासून चपटीं झालीं असतील, तर चालकाचा पाय दिवसभर पेडलवर विसावलेला असतो. त्याला पाय खालीं ठेवावयास सांगावें. नवी प्लेट बसविल्यावर मोकळी चाल मोजून तो आंकडा छपराच्या खांबावर तारखेसह लिहून ठेवावा, आणि आठ-पंधरा दिवसांच्या कामानंतर पुन्हां एकदां मोजावी, कारण नवें अस्तर बसतांना ती थोडी बदलते.